माळावर चराईला सोडलेल्या गुरांची रोजची पाहणी: स्वयंसेवकांच्या हाती द्यायचा कागद (नागपूर)

पवन्या
काटोल रोडच्या पुढल्या मुरमाड माळावर या पावसाळ्यापासून गवळाऊ जातीची २२ गुरं चराईला सोडायची आहेत. दुधासाठी नाही. गवत एकसारखं माजू नये, बी पडायला आणि नवं रोप उगवायला जागा राहावी, चंडोल-धाविक अशा माळावरच्या पक्ष्यांना थोडी उघडी जमीन मिळावी, एवढाच हेतू. क्षेत्र १६ हेक्टर, त्याचे चार भाग, मधे सौर कुंपणाची एकेरी तार. गायकी, म्हणजे गुराखी, सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असतो. त्याच्या आधी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, रोज एक स्वयंसेवक फेरी मारणार. मंडळी शहरातली, दुर्बीण गळ्यात असलेली, पण गुरांची सवय नसलेली.

त्यांना द्यायचा कागद एकाच पानाचा हवा. सध्या पाच ओळी आहेत: मोजणी, लंगडं जनावर, पाणी, कुंपण, आणि 'काही वेगळं वाटल्यास फोन'. जाणकारांनी याची चिरफाड करावी.

ढोरडॉक्टर
मोजणी पहिली, हे बरोबर. शेवटची ओळ मात्र काढून टाका. ज्याने शंभर निरोगी गाई नीट पाहिल्या नाहीत त्याला 'वेगळं' कळणार कसं? स्वयंसेवकाला आधी निरोगी जनावर शिकवा. पहिले आठ दिवस आजार हा शब्दही काढू नका.

पाहणीचा क्रम असा ठेवा. तारेबाहेर थांबून पाच मिनिटं काहीच करायचं नाही, फक्त बघायचं. त्या वेळी कळप बहुधा चरत असतो किंवा बसून रवंथ करत असतो. बसलेल्यांतली निम्म्याहून अधिक जनावरं रवंथ करत असली की पोटं ठीक. एका घासाला साधारण ५०-६० चावे पडतात, मग घास खाली जातो आणि काही सेकंदांत दुसरा वर येतो. तीसच चावे देऊन घास सोडून देणारी किंवा तोंड न हलवता नुसतीच बसलेली गाय लक्षात ठेवायची.

मग सगळी उठवायची. बसलेल्या जनावराचा लंगडेपणा दिसत नाही, म्हणून तुमची दुसरी ओळ 'उठवून, चालवून बघणे' अशी लिहा. गाय आधी मागचे पाय उचलते, मग पुढचे. उठल्यावर पाठ ताणते, बहुतेक वेळा शेण टाकते किंवा मुतते. ताण न देता पाठीची कमान करून उभी राहिली तर पोटात किंवा खुरात दुखतं आहे असं समजा. चालताना लंगड्या पुढच्या पायावर भार पडला की मान वर झटकली जाते आणि चांगल्या पायावर खाली येते. स्वयंसेवक हमखास उलटा पाय सांगतात, त्यामुळे हे कागदावर चित्र काढूनच द्या.

त्यानंतर डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला खळगा. सकाळी चरायच्या आधी थोडा खोल दिसणं साहजिक. संध्याकाळीही तितकाच खोल राहिला तर जनावराने खाल्लेलं नाही. उलट, पाठीच्या रेषेपर्यंत फुगून वर आला तर पोटफुगी. तिथे तास-दोन तासांचा हिशेब असतो, थांबायचं नाही.

नाकपुडीवर दव असावं. कान हलते हवेत. विश्रांतीत श्वास मिनिटाला २० ते ३५. सावलीत बसूनही ६० च्या वर, किंवा तोंड उघडं आणि जीभ बाहेर असेल तर फोन.

आखरवाला
डॉक्टरसाहेबांनी सांगितलं ते खरंच हाये, पण एक गोष्ट राहून गेली. कळपातून अलग पडलेलं ढोर आधी पाहा. ढोर आजारी पडलं की पहिले कळप सोडते, बाकी सगळं मागाहून दिसते. २२ पैकी २१ एका जागी अन् एक झुडपापाशी तोंड करून उभी, म्हणजे तुमची अर्धी पाहणी तिथंच झाली.

फक्त गाभण गाय असली तर घाबरायचं नाही. ती वेताच्या आधी आपण होऊनच अलग जाते. म्हणून कोणती गाय कधीची भरली, ते आधीच लिहून ठेवा, नाही तर रोज फोन वाजन.

अन् मोजणी शिंगांवरून करू नका, पायांवरूनही नाही. गवत कमरेएवढं झालं की वासरू दिसतच नाही. नावानं मोजा. गायकी नावानंच मोजते.

पवन्या
नावं नवख्या माणसाला पाठ होणार कशी? सगळ्या पांढऱ्या.

आखरवाला
सगळ्या पांढऱ्या कायच्या! कोणाची मान राखी, कोणाच्या शेपटीचा गोंडा काळा, कोणाचं एक शिंग मागं वळलेलं. प्रत्येकीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, खाली नाव अन् कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे. बिल्ला बारा आकडी असते, दुर्बिणीतून पूर्ण वाचत बसायची गरज नाही.

ढोरडॉक्टर
बिल्ल्याचा विषय निघालाच आहे तर: पावसाळ्यात बिल्ल्याच्या भोकाची जखम चिघळते, माशी बसते आणि दोन दिवसांत किडे पडतात. खूण अशी की जनावर सारखं एकाच बाजूला कान झटकतं आणि डोकं तिरकं धरतं. जवळ गेल्यावर कुजका वास येतो. कागदावर 'कान' अशी वेगळी ओळ ठेवा.

तारवाला
कुंपणाबद्दल 'बघणे' एवढं पुरत नाही, तिथे आकडा लिहायचा. तार दिसायला शाबूत असते आणि प्रवाह शून्य असतो. व्होल्टमीटर घ्या आणि तारेत झटका सोडणाऱ्या यंत्रापासून सगळ्यात लांबच्या टोकाला मोजा. ३,००० व्होल्टच्या खाली आलं की गुरं ओळखतात. गवळाऊ चपळ आणि तापट जात आहे, एकदा तार ओलांडायला शिकली की पुढे ५,००० असले तरी जाते. त्यामुळे पहिल्याच महिन्यात गळती होऊ देऊ नका.

व्होल्टेज पडण्याची आपल्या भागातली कारणं ठरलेली आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओलं गवत तारेला टेकतं आणि प्रत्येक काडी थोडा थोडा प्रवाह जमिनीत उतरवते. दर पंधरा दिवसांनी तारेखालचा हातभर पट्टा कापायचा, तणनाशक मारायचं नाही. दुसरं कारण अर्थिंग. तीन सळ्या, प्रत्येकी सहा फूट, एकमेकींपासून दहा फुटांवर. पावसाळ्यात झकास चालतं. मग फेब्रुवारीपासून काळ्या मातीला भेगा पडतात, सळईभोवतीची माती सुटते आणि यंत्र चालू, दिवा लुकलुकतोय, पण तारेला दम नाही. तिथे आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मुरमात सळई पूर्ण जात नसेल तर ती नाल्याकाठच्या ओलसर जागेत नेऊन तारेने जोडा. तिसरं, पॅनेलवरची धूळ. फडक्याने पुसा, सकाळी, काच गार असताना.

घरच्या विजेची लाइन थेट तारेला जोडण्याचा विचारही कोणी करू नये. त्याने माणूस मरतो आणि ते बेकायदाही आहे.

सेमिनरी_हिल
पाण्याचं कोणीच बोललं नाही. एका जनावराला किती धरायचं?

तारवाला
थंडीत ३०-४० लिटर, ऊन वाढलं की ५०-६०. २२ जनावरांना ६० ने १,३२० लिटर झाले. २,००० लिटरची टाकी म्हणजे दीड दिवसाचा साठा. फ्लोट, म्हणजे पाणी आपोआप चालू-बंद करणारा तरंगता गोळा, सकाळी अडकला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकी कोरडी. म्हणून फेरीत हौदाच्या काठाला हात लावायचा आणि फ्लोट एकदा दाबून सोडायचा. पाणी धो-धो आलं पाहिजे. नुसतं 'पाणी आहे' असं लिहू नका. असतं ते कालचं असतं.

आणखी एक. जमिनीवरून नेलेल्या काळ्या पाइपातलं पाणी दुपारी इतकं तापतं की गुरं तोंड लावून मागे सरतात. पाइप फूटभर खाली पुरा. हौदात एक दगड किंवा तिरकी फळी ठेवा, नाही तर खारी, सरडे, पिल्लं पडून मरतात आणि मग त्या पाण्याला गाय तोंड लावत नाही.

मिठाची चाटण-वीट हौदापाशी टांगायची सवय सोडा. निदान २०० मीटर लांब ठेवा. पाणी आणि मीठ एकाच जागी मिळालं की कळप तिथून हलत नाही. हौदाभोवतीचं गवत टकलं होतं, लांबचं तसंच माजतं, आणि ज्यासाठी गुरं आणली तेच होत नाही.

गवतमोजे
आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे गवतावर. २२ जनावरं १६ हेक्टरवर किती दिवस, हे कोणी मोजलं आहे का?

पद्धत सोपी आहे. एक मीटर बाय एक मीटरची चौकट, प्रत्येक भागात दहा ठिकाणी. आतलं गवत कापा, पोत्यात भरून सावलीत वाळवा, वजन करा. सरासरी २०० ग्रॅम भरली असं धरू, म्हणजे हेक्टरी २ टन, १६ हेक्टरचे ३२ टन. त्यातलं निम्मंच जनावरांचं. बाकी निम्मं मुळांचं, किड्यांचं आणि बियांचं. उरले १६ टन. तीनशे किलोचं जनावर वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा खातं, म्हणजे साडेसात किलो. २२ जनावरांचे रोजचे १६५ किलो. १६ टन म्हणजे ९७ दिवस. एकशे पन्नास दिवस ठेवायचा विचार असेल तर जनावरं चौदा करा.

दिवस कोणते, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिल्या पावसानंतर पाच-सहा आठवडे एकही खूर आत नको. तेव्हा गवत मुळातला साठा वापरून फुटत असतं, शिवाय टिटवी-धाविकांची अंडी-पिल्लं जमिनीवर असू शकतात. ऑगस्टच्या मध्यापासून एका भागात कुसळी चारून घ्या. कोवळी असतानाच गुरं ती खातात. ऑक्टोबरात कुसळं आली की तोंडात, डोळ्यात, वासरांच्या कातडीत रुततात. पवन्या आणि मारवेल या गवतांचे भाग मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात बी धरेपर्यंत बंद. बी पडल्यावर, नोव्हेंबरनंतर, ते उघडा. तेव्हाची चराई वाळलं गवत कमी करते आणि मार्चच्या वणव्याला सरपण उरत नाही.

स्वयंसेवकाने रोज फक्त एवढं करावं: ठरलेल्या पाच खुंट्यांपाशी गवताची उंची घोट्याशी आहे की नडगीच्या मध्याशी, ते लिहावं. घोट्याच्या खाली गेलं की भाग बदलायचा. तारखेवर भाग बदलणाऱ्यांचा माळ दोन वर्षांत हरळी आणि तरोट्याचा होतो.

घाणेरी गुरं संपवतील या भ्रमात राहू नका. ती विषारी आहे. भुकेपोटी खाल्ली तर कावीळ होते आणि उन्हात पांढऱ्या कातडीची सालं निघतात. गाजर गवतही हातानेच, फुलोऱ्याच्या आधी उपटायचं. गुरांचं काम गवतावर, कुदळीचं काम झुडपांवर.

सेमिनरी_हिल
शेण बघायचं म्हणतात ते कशासाठी?

ढोरडॉक्टर
ताजं शेण म्हणजे फुकटचा रिपोर्ट. बोटाच्या दोन-तीन पेरांइतका उंच, वर कडी पडलेला पो असला की उत्तम. कोवळ्या गवताच्या पहिल्या आठवड्यात पातळ पडतं, ते चालतं. शेपूट-मांड्या माखून सलग तीन दिवस पातळ, किंवा त्यात रक्त-शेंबूड असेल तर कळवा. कोरड्या गोळ्या पडत असतील तर आधी हौद तपासा. जबड्याखाली लोंबती मऊ सूज दिसली तर जंत किंवा यकृतातले चापट कृमी. तलावाकाठच्या दलदलीत चरणाऱ्या गुरांत हे जास्त.

गवतमोजे
जंतांवरून एक आग्रह. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन लगेच गुरं माळावर सोडू नका. औषध शेणावाटे बाहेर पडतं आणि दोन-तीन आठवडे त्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या जगत नाहीत. शेणकिडे गेले की पोवट्या महिनोन् महिने तशाच पडून राहतात, खालचं गवत मरतं, आणि त्या किड्यांवर जगणारे पक्षीही जातात. संवर्धनाची चराई म्हणून केलेला सगळा खटाटोप एका सिरिंजमध्ये बुडतो.

ढोरडॉक्टर
पटलं, पण 'औषधच नको' इथवर जाऊ नका. आधी शेण तपासून घ्या. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नमुना पोचवणं अवघड नाही. अंडी निघाली तरच, आणि निघाली त्याच जनावरांना. फेनबेंडाझोल शेणकिड्यांना फारसं बाधत नाही. अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यांतल्या गाभण गाईला नको, गर्भाला धोका असतो. आयव्हरमेक्टिन द्यावंच लागलं, तर त्या जनावराला तीन आठवडे गोठ्यात ठेवा.

त्याच ओघात वेदनाशामकांचं. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचं मढं खाल्लं की गिधाडं मरतात, म्हणून ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये बंद झाली. पेंच-ताडोबात २०२४ मध्ये गिधाडं आणली आहेत, आणि गिधाडं शंभर किलोमीटर सहज उडतात. मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक आम्ल मागा, आणि कोणती बाटली वापरली ते वहीत लिहा.

पवन्या
आता आणीबाणीचं सांगा. फोन कधी करायचा हे कळलं, पण फोन लावून झाल्यावर मधल्या तासाभरात काय करायचं?

ढोरडॉक्टर
बहुतेक वेळा काहीच नाही. 'काय करू नये' हीच यादी जास्त कामाची.

तोंडातून लाळ गळते आहे, गिळता येत नाही, घशात काही अडकल्यासारखं वाटतं: तोंडात हात घालायचा नाही. पिसाळीची (रेबीजची) सुरुवात अगदी अशीच दिसते. लाळ अंगावर उडाली असेल तर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. लाळ्या-खुरकुतीतही लाळ गळते, पण तिथे चार-पाच जनावरं एकदम लंगडतात.

जनावर अचानक मेलं आहे, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं आहे: जवळ जायचं नाही, कापायचं नाही, ओढायचं नाही. काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. कुत्री हाकलायला एक माणूस लांब उभा करायचा, बस.

पोट फुगलं आहे: जनावर उभं राहू द्या, पुढचे पाय चढाला येतील असं वळवा. तेल पाजायला जाऊ नका. सवय नसलेल्या माणसाने पाजलेलं निम्मं तेल फुप्फुसात जातं.

गर्भ पडला आहे किंवा वार (जार) लोंबते आहे: उघड्या हाताने शिवायचं नाही, गर्भ पाडणारा ब्रुसेला रोग माणसालाही होतो. व्यायल्यावर बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टर. लोंबती वार ओढायची नाही.

तरुण कालवडीच्या मांडीवर सूज, दाबली की चरचर आवाज, अंगात ताप: फऱ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला, सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या चांगल्या धडधाकट जनावराला होतो आणि दिवसभरात संपवतो. फऱ्या आणि घटसर्प यांच्या लशी जूनच्या आधी झालेल्या असल्या पाहिजेत. लम्पीची दरवर्षी, लाळ्या-खुरकुतीची वर्षातून दोनदा. नवं जनावर आणलं की २१ दिवस वेगळं.

फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा नंबर १९६२. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात.

आखरवाला
ज्वारीचं राहिलं ना. बाजूच्या वावरात ज्वारी कापल्यावर फुटवा येते, किराळ म्हणतो आम्ही. कमरेच्या खालची असली की विष. कळप तार तोडून तिथं गेला की दहा-पंधरा मिनिटांत ढोर लटपटते. म्हणून शेजारच्या वावरात काय पेरलं, हे वहीत पाहिजेच. कपाशीवर फवारा कधी मारला तेही इचारून घ्या.

तणमोर
अभयारण्याच्या हद्दीत किंवा लगत असं काही करणाऱ्यांसाठी: वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३३-अ बघा. अभयारण्यात आणि भोवतीच्या ५ किलोमीटरमधल्या गुरांचं संसर्गजन्य रोगांविरुद्ध लसीकरण त्यात सांगितलं आहे. बिबट्या-वाघाने जनावर मारलं तर मढं जागेवरून हलवू नका, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, हेल्पलाइन १९२६. मढं हलवलं की पंचनामा फसतो.

आणि 'गुरं म्हणजे जंगलाचे शत्रू' असं सरसकट मानणाऱ्यांनी राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी-उद्यान आठवावं. १९८२ मध्ये तिथे म्हशींची चराई बंद केली. मग पास्पालम गवताने उथळ पाणी भरून गेलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. इंग्लंडात रोमनी मार्शला तर मेंढ्यांवर लक्ष ठेवणारे 'लुकर' जुन्या काळापासून. आता तिकडल्या शहरांभोवतीच्या कुरणांवर स्वयंसेवक तेच करतात. आपल्याकडे गायकी आहेच. स्वयंसेवकाने त्याची जागा घ्यायची नाही, तो नसतो त्या वेळेत डोळे द्यायचे.

आखरवाला
हे बेस बोलले.

पोळ्याचं लिहून ठेवा एक. त्या दिवशी कोणी प्रेमानं पुरणपोळी, गव्हाची खीर, भाताचे गोळे चारते. गवतावरच्या ढोराला दोन-तीन किलो शिजलेलं धान्य एकदम गेलं की दुसऱ्या दिवशी पोट बंद, आंबट वासाची हगवण, ढोर बसलं ते उठत नाही. एकेक घास नैवेद्याचा, बस. शिंगांना गेरू लावा, ऑइलपेंट नको.

पवन्या
सगळ्यांचे आभार. कागद असा झाला:

तारीख, वेळ / २२ पैकी किती, नावानिशी / वेगळं कोण / उठवून-चालवून पाहिलं का / डावी भकाळी / कान, डोळे, नाक / ताजं शेण / फ्लोट दाबला का / टोकाचं व्होल्टेज / पाच खुंट्यांपाशी गवत / शेजारचं वावर. मागच्या बाजूला 'हे करू नये' आणि दोन नंबर.

नमुन्याची नोंद: '६:४०. २२/२२. वेगळी चांदी, गाभण, ठीक. सगळ्या उठल्या. लक्ष्मी डावा मागचा पाय उचलून टेकते. शेण ठीक. फ्लोट ठीक. ४,२००. चार खुंट्या नडगीला, ३ नंबर घोट्याला. शेजारी तूर.'

ढोरडॉक्टर
एकच दुरुस्ती. 'ठीक' हा शब्द काढा, तिथे दिसलं ते लिहायला लावा: 'चांदी रवंथ करते', 'शेण घट्ट पो', 'पाणी जोरात'. आणि लक्ष्मीच्या पायाबद्दलचा फोन लिहिण्याआधी करायचा.

तारवाला
४,२०० कुठे मोजले तेही लिहा. दारापाशी ४,२०० असतील तर टोकाला किती उरले ते बघून या.